निखाऱ्यावरच्या जेवणासाठी हिरवे तोंडीलावणे : आमच्या वाडीतील प्रकल्प नोंदी

30 नोव्हेंबर 2024, शनिवार

नागावच्या आमच्या वाडीत दर हिवाळ्यात शनिवार-रविवारी वीस-पंचवीस पाहुणे जेवायला येतात. पोपटी (मडक्यात पाल्यासह भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि कोंबडी), निखाऱ्यावर भाजलेली सुरमई, कोंबडीच्या तंगड्या, वांगी, रताळी, कणसे असा बेत असतो. भाजणे आता आमच्या हातात बसले आहे, पण त्यासोबत काय द्यावे हा प्रश्न गेल्या वर्षीपासून मनात आहे. आजवर आम्ही मिक्सरमधून काढलेली कोथिंबीर-पुदिन्याची चटणी देत आलो. ती पावाला किंवा भज्यांना शोभते, परंतु निखाऱ्यावरून उतरलेल्या माशावर घातली की पाणी सोडते आणि भाजल्याचा खमंग, कोरडा पापुद्रा दोन मिनिटांत भिजवून टाकते.

धाकटे दीर व्यापारी जहाजावर आहेत. मागच्या फेरीत त्यांनी ब्युनोस आयर्समध्ये चोरिपान, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले सॉसेज घातलेला पाव, खाल्ले आणि त्यावर घातलेल्या चिमिचुरीचे वर्णन घरी येऊन अगदी बारकाईने केले. अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांत भाजलेल्या मांसासोबत ती देतात. बारीक चिरलेली पार्सली, लसूण, ओरेगानो, लाल मिरची, व्हिनेगर आणि तेल एवढेच तिच्यात असते. दिरांनी सांगितलेल्यांपैकी एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. ती वाटलेली नसते, चिरलेली असते. पाला तेलात सुटा तरंगतो आणि प्रत्येक घासात पान दाताखाली येते.

आपल्याला चिमिचुरी करायची नाही. तिच्यातील पार्सली आणि ओरेगानो आमच्या मातीतले नाहीत, आणि डब्यातले वाळलेले ओरेगानो आणून तिची नक्कल करण्यात मला रस नाही. मात्र चिरलेला पाला, तेल, आंबट आणि मीठ यांची ही मांडणी आपल्या वाडीतील पाल्यावर करून पाहायची, असे आज ठरवले. सासूबाईंनी लगेच विचारले, “अगं, पण याला म्हणायचं काय? वाटली नाही तर चटणी कशी, आणि ठेचला नाही तर ठेचा कसा?” सध्या वहीत “हिरवे तोंडीलावणे” असे लिहून ठेवते.

7 डिसेंबर 2024, शनिवार

पहिला प्रयोग मुद्दाम मिक्सरवरच केला, कारण पंचवीस जणांसाठी चिरत बसण्यापेक्षा तो सोपा आहे आणि तो का नको हे नीट समजून घ्यायचे होते. कोथिंबीर 200 ग्रॅम, पुदिना 50 ग्रॅम, लसूण 20 ग्रॅम, मिरची 15 ग्रॅम, दोन लिंबांचा रस आणि 100 मिली शेंगदाणा तेल एवढे घेतले. पाणी घातले नाही, तरीही पाते फिरेना म्हणून तीनदा झाकण उघडून पाला खाली सारावा लागला आणि एकूण दोन मिनिटे मिक्सर चालला.

भांडे हाताला कोमट लागत होते. तेल आणि पाल्याचे पाणी एकत्र घुसळले जाऊन फिकट, दाट, दुधट हिरवा लगदा तयार झाला. वास सुरुवातीला उग्र आणि चांगला होता, पण तासाभरात वरचा थर काळपट पडला आणि पुदिन्याचा कडवटपणा पुढे आला. पान फाटते तेव्हा त्याच्या पेशी फुटतात, आतील द्रव्ये हवेतील प्राणवायूला आणि एकमेकांना भिडतात आणि पाला काळवंडतो. मिक्सर जवळजवळ सगळ्याच पेशी फोडतो, शिवाय उष्णता देतो. पुदिन्याला हे अजिबात सोसत नाही, कोथिंबिरीला थोडे सोसते.

भाजलेल्या वांग्यावर ते घालून पाहिले. लगदा वांग्याच्या गरात मिसळून गेला आणि भरितात चटणी कालवल्यासारखे झाले. चव वाईट नव्हती, पण वांगे गेले आणि पालाही गेला.

14 डिसेंबर 2024, शनिवार

आज तीन पद्धती शेजारी-शेजारी करून पाहिल्या आणि त्यातून या कामाची दिशा पक्की झाली असे वाटते.

पहिल्या वाडग्यात सगळे पाट्यावर वाटले. दुसऱ्यात सगळे सुरीने चिरले. तिसऱ्यात काम वाटून दिले. लसूण, मिरची आणि जाडे मीठ पाट्यावर वाटले आणि पाला मात्र सुरीने चिरला. जाऊबाई एरवी विळीवर कोथिंबीर चिरतात आणि त्यांचा हात फार वेगवान आहे, पण विळीवर मूठभर पाला दाबून धरावा लागतो आणि त्या दाबानेच तो ठेचला जातो. पाटावर चिरलेल्या ठिकाणी हिरवे ओले डाग उमटले होते. नुकती धार लावलेली सुरी घेऊन, पाला हलका गोळा करून, एकाच दिशेने एकदाच चिरला तेव्हा लाकडी फळी जवळपास कोरडी राहिली. फळीवर जेवढा हिरवा रस सांडतो तेवढा तो तोंडीलावण्यात उरत नाही. त्यामुळे फळीकडे पाहूनच सुरीला धार हवी की नको हे ठरवावे, असे जाऊबाईंनी सुचवले आणि ते अगदी बरोबर आहे.

सगळे चिरलेल्या दुसऱ्या वाडग्यात लसणाचे तुकडे वेगळे लागत होते. एखाद्या घासात लसूण जिभेला चावायचा आणि पुढच्या दोन घासांत तो नसायचाच. अख्ख्या लसणाला फारसा वास नसतो. पाकळी फुटली की तिच्यातील एक द्रव्य दुसऱ्याला भेटते आणि तो तिखट वास जन्माला येतो. म्हणून लसूण जितका बारीक वाटावा तितका तो तीव्र होतो, पण तेवढाच सगळीकडे सारखा पसरतोही. तिसऱ्या वाडग्यात हेच साधले. जाड्या मिठाबरोबर वाटल्याने लसूण पाट्यावर घसरत नाही, मिरचीच्या बियाही फुटतात आणि अर्ध्या चमच्याएवढा तो गोळा तेलात सहज विरघळतो.

तिन्ही वाडगे सासूबाईंसमोर ठेवले. त्यांनी चमच्याने चाखून पहिल्याला, म्हणजे पाट्यावर वाटलेल्याला, पसंती दिली. नंतर प्रत्येकातील थोडे थोडे भाजलेल्या सुरमईच्या तुकड्यांवर घालून दिले, तेव्हा त्यांनी न विचारता तिसऱ्या वाडग्याकडे बोट केले. हा फरक माझ्या दृष्टीने आजची सगळ्यांत मोठी शिकवण आहे. चमच्यावर जे चांगले लागते ते भाजलेल्यावर चांगले लागेलच असे नाही. आजपासून कोणतीही चव चमच्याने ठरवायची नाही. शेगडी पेटवायची, काही तरी भाजायचे आणि त्यावर घालूनच निर्णय घ्यायचा.

15 डिसेंबर 2024, रविवार

कालच्या तिसऱ्या वाडग्याचा एक भाग मी घरच्या खोबऱ्याच्या तेलात केला होता, कारण वाडीतल्या नारळाचे तेल वापरण्याचा मोह होता. रात्री तो फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी पाहते तर पांढऱ्या वड्यांमध्ये पाला गोठलेला. खोबऱ्याचे तेल साधारण 24-25 अंशांच्या खाली घट्ट होते हे माहीत असूनही ते लक्षात घेतले नाही. फ्रिज सोडला तरी डिसेंबरच्या रात्री अंगणात वाढलेल्या ताटातही ते माशाच्या थंड कडांवर थिजले असते. खोबऱ्याचे तेल या कामातून बाद.

घाण्याचे शेंगदाणा तेल ठेवते. त्याचा दाण्याचा वास स्पष्ट येतो, पण भाजलेल्या वांग्याशी आणि रताळ्याशी तो वास जुळतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले पाहुणे असतात, म्हणून नोंदणी करतानाच विचारायचे आणि त्यांच्यासाठी वेगळ्या बरणीत सूर्यफुलाच्या तेलातले करायचे. एका बरणीतील चमचा दुसरीत जाऊ नये यासाठी त्या बरणीला लाल दोरा बांधायचा.

21 डिसेंबर 2024, शनिवार

गेला आठवडाभर ओरेगानोच्या जागी काय, हा विचार चालू होता. उत्तर विहिरीच्या कठड्यापाशीच होते. आमच्याकडे पानओवा पसरलेला आहे. जाड, लवदार, दातेरी कडांची पाने असतात आणि पावसाळ्यात त्यांची भजी करतात. त्याला ओव्यासारखा वास येतो म्हणून ते नाव, पण ओव्याशी त्याचे कूळ जुळत नाही. तो तुळस आणि पुदिना यांच्या कुळातला आहे आणि ओरेगानोही त्याच कुळातले. ओरेगानोला त्याचा वास देणारे कार्व्हाक्रोल नावाचे द्रव्य पानओव्यातही असते. दिरांना डोळे मिटायला लावून चुरडलेले पान नाकाशी धरले, तर ते म्हणाले, “वहिनी, हा तोच वास आहे, फक्त जरा ओला आहे.”

ओला हा शब्द त्यांनी नेमका वापरला. पानओव्याच्या पानात पाणी फार असते आणि लव जिभेला खरखरीत लागते. पहिल्यांदा वीस पाने चिरून घातली तेव्हा वाडग्यात खाली पाणी जमले आणि वास इतका औषधी झाला की सर्दीच्या काढ्याची आठवण आली. दहा पाने घातली तरी जास्तच वाटली. आठ मध्यम पाने, देठ आणि मधली जाड शीर काढून, अगदी बारीक चिरून घातली तेव्हा तो वास मागे राहिला आणि कोथिंबीर पुढे आली. निखाऱ्यावरच्या कोंबडीवर घातल्यावर मात्र तो मागचा वास पुन्हा पुढे येतो, कारण गरम चरबीवर पडताच तो उमलतो. चमच्यावर चाखून ठरवले असते तर मी नक्कीच बारा पाने घातली असती.

पोपटीच्या मडक्यात आपण शेंगांवर ओवा आणि जाडे मीठ टाकतोच. त्यामुळे पानओव्याचा वास पोपटीला परका वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे. पुढच्या शनिवारी तो पडताळून पाहायचा.

28 डिसेंबर 2024, शनिवार

आज पोपटी लावली. वालाच्या शेंगा यंदा उशिरा भरल्या, तरी आज मिळालेल्या शेंगा चांगल्या टपोऱ्या होत्या. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला, त्यावर शेंगा, मग केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, बटाटे, रताळी, अंडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पुन्हा पाला ठासून मडके उपडे केले आणि त्याभोवती झावळ्या व पेंढा रचून पेटवले. माझे पती मडक्यावर पाण्याचा शिपका मारून पाहतात. थेंब पडताक्षणी चुर्र होऊन उडून गेला की पोपटी झाली.

भांबुर्ड्याचा कडसर, रानटी वास कोंबडीत भिनलेला असतो. आमच्या मनात भीती होती की हिरवे तोंडीलावणे त्या वासावर मात करील. तसे झाले नाही. उलट वालाच्या शेंगांच्या पिठूळ दाण्यांवर अर्धा चमचा घातल्यावर त्यांना जी ओल आणि आंबटपणा मिळाला, तो आमच्या घरी सगळ्यांनाच नवीन होता. पाहुण्यांपैकी एका आजोबांनी मात्र स्पष्ट सांगितले की पोपटीला काहीही लावू नये, ती तशीच खावी. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून पोपटीच्या ताटात ते कधीही वरून घालायचे नाही. वाटीत बाजूला ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने घ्यावे.

एक चूक मात्र झाली आणि ती सविस्तर लिहून ठेवते. शेगडीवर सुरमई भाजताना माझ्या मनात आले की कोंबडीला आपण मसाला लावतो तसे हे तोंडीलावणे माशाला आधीच लावावे. ब्रशने दोन्ही बाजूंना लावून तुकडे जाळीवर ठेवले. तेल निखाऱ्यावर ठिबकून ज्वाळा उठल्या, पाला जाळीला चिकटून काळा झाला, लसूण जळून कडू झाला आणि माशाची त्वचा जाळीवरच राहिली. सहा तुकडे वाया गेले. मासा फक्त मीठ, हळद आणि बोटभर तेल लावून भाजायचा. तोंडीलावणे आगीच्या जवळ जाताच कामा नये. मासा उतरवल्यावर एक मिनिट थांबायचे, तुकड्यावरची वाफ ओसरू द्यायची आणि मग घालायचे. तुकडा फार गरम असताना घातले तर पाला लगेच मरगळतो, आणि गार झाल्यावर घातले तर वास उमलत नाही.

4 जानेवारी 2025, शनिवार

आजचा दिवस आंबटासाठी राखून ठेवला होता. एकाच वेळी चिरलेल्या पाल्याचे पाच भाग केले आणि प्रत्येकाला वेगळे आंबट घातले. लिंबाचा रस, साधे व्हिनेगर, आमसुलाचे आगळ (कोकमाचा रस), चिंचेचा कोळ आणि शेजारच्या वाडीतील बिंबल्यांचा, म्हणजे आंबट हिरव्या फळांचा, रस, असे ते पाच प्रकार होते.

आगळाने निराशा केली आणि ती मला फार लागली, कारण कोकणातल्या तोंडीलावण्याला कोकमाचाच आंबटपणा असावा अशी माझी मनापासून इच्छा होती. चव उत्तम होती. भाजलेल्या बांगड्यावर तर ती सगळ्यांत उत्तम होती. परंतु आगळाचा गडद लाल रंग आणि पाल्याचा हिरवा रंग एकत्र येऊन चिखलासारखा तपकिरी रंग झाला, आणि ताटात तो पाहून कुणी हात पुढे करणार नाही. शिवाय आगळात मीठ असते, त्यामुळे मिठाचे सगळे गणित बदलते. बांगड्यासाठी आगळ वेगळे, कच्च्या कांद्याबरोबर द्यावे असे ठरले. चिंचेचीही अडचण रंगाचीच. बिंबल्यांचा रस रंगाला स्वच्छ आणि चवीला धारदार आहे, पण त्यात ऑक्झॅलिक आम्ल फार असते आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ते बाधू शकते. कोण कोणता आजार घेऊन येतो हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून पाहुण्यांच्या ताटात तो नको.

व्हिनेगर नाकाला आधी लागते आणि पानओव्याचा वास झाकते. चिमिचुरीत ते चालते, कारण तिथे ओरेगानो आणि मिरची वाळलेली असते आणि सगळे मिश्रण काही तास मुरू देतात. आपला सगळाच पाला ओला आणि ताजा आहे. त्यामुळे लिंबूच पक्के केले, तेही पातळ सालीचे कागदी लिंबू.

दुसरा प्रश्न आंबट केव्हा घालायचे हा होता. लिंबू घातलेला एक वाडगा आणि न घातलेला एक वाडगा सकाळी दहा वाजता ओसरीवर शेजारी ठेवून दिला. अकरापर्यंत दोन्ही सारखेच दिसत होते. दुपारी दोन वाजता लिंबाचा वाडगा मळकट पिवळसर हिरव्याकडे झुकला होता आणि दुसरा तसाच गर्द होता. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो त्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असते. आम्ल ते काढून घेते आणि रंग मळतो. लोणच्यातली हिरवी मिरची काही दिवसांत शेवाळी होते तीही याच कारणाने. तेल मात्र पाल्याला पातळ आवरण देते. म्हणून क्रम असा ठरला की चिरल्याबरोबर आधी तेल घालून पाला हलक्या हाताने उलटापालटा करायचा, मग लसूण-मिरचीचा गोळा, आणि लिंबू मात्र पाहुणे ताटावर बसल्यावर.

11 जानेवारी 2025, शनिवार

आज तीन कुटुंबांनी बाटलीत भरून विकत मागितले. एका गृहस्थांनी तर पन्नास बाटल्यांची मागणी करू म्हणून सांगितले. जाऊबाईंना वाटले की घ्यावी, आणि पैशाच्या दृष्टीने त्यांचे वाटणे चुकीचे नव्हते. मी नाही म्हटले आणि त्याचे कारण इथे लिहिते, म्हणजे पुढच्या वर्षी मोह झाला तर वही उघडून पाहता येईल.

कच्चा लसूण आणि कच्चा पाला जमिनीतील जंतू बरोबर घेऊन येतो. धुतल्याने ते कमी होतात, नाहीसे होत नाहीत. तेलाखाली हवा नसते आणि हवा नसलेल्या, कमी आम्ल असलेल्या जागी बोटुलिनम या जंतूचे विष तयार होण्याचा धोका असतो. पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका मोठा तितके आम्ल कमी) 4.6 च्या वर असेल आणि बाटली खोलीच्या तापमानाला पडून राहिली तर हा धोका खरा आहे, आणि त्या विषाला वास किंवा चव नसल्याने खाणाऱ्याला काहीच कळत नाही. लिंबू घातले तरी तेलात तरंगणाऱ्या पाल्याच्या प्रत्येक तुकड्यापर्यंत ते सारखे पोहोचले की नाही हे आमच्या स्वयंपाकघरात मोजता येत नाही. म्हणून आमचा नियम असा आहे की ज्या दिवशी केले त्याच दिवशी वाढायचे, उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवून घरच्यांनी दुसऱ्या दिवशी संपवायचे आणि तिसऱ्या दिवशी काही उरले तर खतात टाकायचे. उन्हात बाहेर राहिलेला वाडगा त्याच दिवशी टाकायचा.

त्या गृहस्थांना कृती लिहून दिली. त्यांनी ती घरी ताजी करावी.

19 जानेवारी 2025, रविवार

काल बाजारातून आणलेल्या जुड्यांमध्ये रेती होती. तीन पाण्यांतून काढूनही पहिल्याच घासाला दाताखाली कचकच झाली, आणि जेवणारे पाहुणे भले होते म्हणून कुणी बोलले नाही. मला फार वाईट वाटले. कोथिंबीर मोठ्या घमेल्यात भरपूर पाण्यात सोडून दहा मिनिटे न हलवता ठेवायची आणि वरच्यावर उचलून घ्यायची, घमेले उपडे करून चाळणीत ओतायची नाही, कारण तसे केले की तळाशी बसलेली रेती पुन्हा पाल्यावर पडते. ही साधी गोष्ट घाईत राहून गेली.

धुतल्यानंतर वाळवणे धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे. सुती पंच्यावर एकेरी पसरून सावलीत दोन तास ठेवल्यावर पान हाताला कोरडे लागते, पण कोमेजत नाही. ओल्या पाल्याचे तोंडीलावणे तळाशी पाणी धरते, तेल वर तरंगते आणि चमच्यात कधी नुसते तेल तर कधी नुसते पाणी येते.

8 फेब्रुवारी 2025, शनिवार

अलिबागचा पांढरा कांदा आला. वेण्या घालून टांगलेल्या माळा रस्त्याकडेला दिसू लागल्या की इकडे सगळ्यांच्याच जेवणाला वेगळी चव येते. या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा गोडवा इथल्या माणसांना त्याआधीही कुणी सांगावा लागत नव्हता. तो कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी आणत नाही आणि घशाला झोंबत नाही.

आज पहिल्यांदा त्याचा उपयोग केला. 80 ग्रॅम कांदा मुगाच्या दाण्याएवढा बारीक चिरून चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटे ठेवला, सुटलेले पाणी हाताने दाबून काढले आणि मग पाल्यात घातला. तोपर्यंत आमच्या तोंडीलावण्यात तिखट, आंबट, खारट आणि पाल्याचा कडसर वास एवढे होते, पण त्या सगळ्यांना सांधणारे काही नव्हते. मी आधी गुळाचा खडा घालून पाहिला होता आणि तो चटणीच्या वळणावर गेला म्हणून सोडून दिला होता. कांद्याचा गोडवा वेगळा आहे. तो दाताखाली रसाळपणे येतो आणि जातो, सगळीकडे पसरत नाही.

भाजलेल्या सुरणावर आजचे तोंडीलावणे सगळ्यांत चांगले लागले, याचे मला आश्चर्य वाटले. सुरण आधी आमसुलाच्या पाण्यात उकडून घेतला, म्हणजे घशाला खाजत नाही, मग बोटभर जाडीच्या फोडी करून दोन्ही बाजूंना तपकिरी डाग पडेपर्यंत निखाऱ्यावर ठेवल्या. वरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारख्या झालेल्या फोडीला चमच्याच्या टोकाने मधोमध दाबून खळगा केला आणि त्यात तोंडीलावणे भरले. तेल हळूहळू फोडीत उतरले आणि पाला वर राहिला. शाकाहारी पाहुण्यांना आजवर आम्ही मांसाहारी ताटातील उरलेसुरले दिल्यासारखे वाढत होतो, हे मला कधीपासून खटकत होते. आज त्यांच्या ताटात असा एक पदार्थ होता ज्याकडे शेजारचे लोक पाहत होते.

15 फेब्रुवारी 2025, शनिवार

मिठाचे प्रमाण आज पक्के केले आणि त्याबरोबर सगळी मापेही. एकूण वजनाच्या एक टक्का मीठ घातलेले तोंडीलावणे चमच्यावर बरोबर आणि बिनमिठाच्या भाजलेल्या वांग्यावर अळणी लागले. दोन टक्के घातलेले वांग्यावर छान आणि मीठ लावून भाजलेल्या सुरमईवर खारट झाले. दीड टक्क्यावर दोन्ही साधते, फक्त वांग्याच्या गरावर आधी चिमूटभर मीठ भुरभुरावे.

कोथिंबीर कोवळ्या देठांसह 200 ग्रॅम घ्यावी. देठ टाकू नयेत, कारण त्यांतही भरपूर वास असतो आणि चिरल्यावर ते पानांपेक्षा जास्त वेळ करकरीत राहतात. फक्त मुळाजवळचा बोटभर जून भाग काढावा. लसणाची पात 50 ग्रॅम, पुदिन्याची नुसती पाने 30 ग्रॅम, पानओव्याची आठ पाने, लवंगी मिरच्या 15 ग्रॅम, लसणाच्या पाकळ्या 10 ग्रॅम, पांढरा कांदा 80 ग्रॅम, जाडे मीठ 9 ग्रॅम, घाण्याचे शेंगदाणा तेल 150 मिली आणि लिंबाचा रस 45 मिली. याचे सहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर तोंडीलावणे होते आणि माणशी पंचवीस ग्रॅम धरले तर तेवीस-चोवीस जणांना पुरते. पुदिना सगळ्यांत शेवटी चिरावा, कारण तो सगळ्यांत आधी काळवंडतो.

काहींना कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो. हा नखरा नसून जन्मजात वास ओळखण्यातला फरक असतो. आज एका तरुण पाहुणीने संकोचून ते सांगितले, तेव्हा तिच्यासाठी लसणाची पात आणि शेपूचे वेगळे करून दिले. शेपू वीस ग्रॅमच्या वर गेला की बाकी काहीच लागत नाही, हे त्या निमित्ताने कळले.

1 मार्च 2025, शनिवार

लसणाची पात संपत आली. मिळते ती जून, दोरखंडासारखी आहे आणि चिरली तरी दातात अडकते. आज तिच्याऐवजी पांढऱ्या कांद्याचीच कोवळी पात 50 ग्रॅम घेतली आणि लसणाच्या पाकळ्या 10 वरून 14 ग्रॅमवर नेल्या. फरक कळतो, पण तोंडीलावणे उभे राहते.

दारच्या आंब्याखाली वाऱ्याने पडलेल्या सुपारीएवढ्या कैऱ्या सासूबाईंनी परकराच्या ओच्यात गोळा करून आणल्या आणि म्हणाल्या, “लिंबं महाग होतील आता, हे बघ चालतंय का.” कोय न धरलेली कैरी सालीसकट किसली, तिचा रस काढला नाही. 60 ग्रॅम कीस आणि फक्त 15 मिली लिंबू घेतले. कैरीचा आंबटपणा सगळीकडे पसरत नाही, किसाच्या कणाकणात राहतो, त्यामुळे पाल्याला लगेच आम्ल लागत नाही आणि दीड तासानंतरही रंग गर्द होता. भाजलेल्या पापलेटच्या पोटाकडच्या चरबीच्या भागावर ते घातले. दिरांनी काटा काढून टाकला, तुकडा तोंडात टाकला आणि पुढचा तुकडा उचलताना वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

पुढच्या शनिवारी कैरी 60 ऐवजी 75 ग्रॅम करून लिंबू पूर्ण काढून पाहायचे. वांगी मोठी, भरिताची आणायची. शेगडीची जाळी बदलायची, मधल्या दोन तारा तुटल्या आहेत.